अंबादास मास्तरांचा उपाशी शब्द

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, तर ताडकळसच्या अंबादास मास्तरांचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं. मी बी.ए. झालो तो त्यांच्यामुळं. गेल्या महिन्यात चुलतभाऊ परभणीला आला आणि दारातूनच म्हणाला, "दादा, मास्तर गेले." माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. ते का आलं नाही, एवढंच लिहून पाहतो आहे.

निजामाच्या राज्यात वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूत होतं आणि आमच्या घरात मराठी, तीही शेतातली. इतर मास्तर शब्द आणि अर्थ फळ्यावर लिहीत, आम्ही एका सुरात ओरडत असू, आणि दुसऱ्या दिवशी सगळं साफ. अंबादास मास्तरांना तो गलका सोसत नसे. "तोंड चालायलंय, पर ध्यान कुठंय? ध्यान पेरूच्या झाडावर!" ते उर्दूतली गोष्ट वाचत, सगळ्या शब्दांचे अर्थ सांगत, पण एकाचा मुद्दाम सांगत नसत. म्हणत, "ह्यो आज उपाशी ठेवलाय. घरी न्या, काय खातो बघा."

एकदा गोष्टीतली म्हातारी 'आहट' ऐकून उठून बसली. मी म्हणालो, आहट म्हणजे कोंबडा असेल. "कोंबडा? मंग तिनं मसाला वाटायला घेतला असता की रं!" सगळा वर्ग खिदळला. मी चिडून घरी आलो, चुलीपाशी बसलो, तरी डोक्यात तोच शब्द. आई भाकरी थापत होती. एकाएकी तिचा हात थांबला. उठून तिनं पाण्याचा तांब्या भरला. मी विचारलं, "काय झालं?" "तुजे बापू आले." दारात तर कुणीच नव्हतं... मग मलाही ऐकू आलं, पाचोळ्यावर पडणारी बापूंची पावलं. सकाळी शाळेत शिरता शिरताच ओरडलो, "चाहूल, मास्तर!" त्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. म्हणाले, "म्या सांगितला असता तर दुपारपतोर इसरला असतास. आता मरस्तोवर न्हाई इसरायचास."

असे कितीतरी शब्द मी घरी नेले. त्यांच्याच बळावर परभणीची शाळा आणि हैदराबादचं कॉलेज पार पडलं.

निजामाचं राज्य गेलं, त्या हिवाळ्यात मी पदवी मिळवून पेढे घेऊन ताडकळसला गेलो. बाजारतळावर सभा भरली होती आणि मास्तरच बोलायला उभे होते. "आपल्या लेकरांच्या डोक्यात उर्दू कोंबली. नुसती घोकंपट्टी! एका तरी पोराला एक शब्द मनापासून आला का? न्हाई!" टाळ्या पडल्या. जबरदस्ती होती, हे खरंच. भाषेपायी मागे राहिलेली हुशार मुलं माझ्या वर्गातच होती. मास्तर तेवढ्यावर थांबले असते तर मीही टाळी वाजवली असती. पण त्यांची नजर माझ्यावर आली, क्षणभर थबकली... आणि माझ्याकडं बघतच त्यांनी ते शेवटचं वाक्य पुन्हा म्हटलं.

पेढे मी चुलत्याच्या पोरांना वाटले आणि परत फिरलो.

पुढं आम्ही अनेकदा भेटलो. ते पिकाचं विचारत, मुलाबाळांचं विचारत, त्या सभेचं एक सोडून सगळं. त्यांच्या दहाव्याला एक गृहस्थ अभिमानानं म्हणाले, "मास्तरांनी उर्दूला कधी जवळ केलं न्हाई." सगळ्यांनी माना डोलावल्या.

सभेनंतर मी त्यांना पत्र टाकलं होतं. उत्तर कधी आलं नाही. ते पत्र असं होतं:

तीर्थस्वरूप मास्तरांस शिरसाष्टांग नमस्कार.

मी सभेत होतो, ते तुम्ही पाहिलंत. राज्य वाईट होतं म्हणा, मी तुमच्या मागं उभा राहीन. दिवस असे आहेत म्हणून तसं बोलावं लागलं असेल, तर मला एकट्याला सांगा, मी कुणापाशी बोलणार नाही. पण एकाही पोराला एक शब्द मनापासून आला नाही, असं तुम्ही म्हणू नका. दुसरं कुणी म्हणालं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. मला शब्द कसे आले, हे पाहणारे तुम्ही एकटेच होतात.

मी बी.ए. पास झालो. तेवढंच सांगायला आलो होतो.

तुमचा विद्यार्थी,
विठ्ठल