सदाशिवकाकांचा चारशेचा चोक

मंडळी, काल आपल्या मासेवाल्या ग्रुपवर सदाशिवकाकांनी विचारलं होतं ना, माशांच्या टाकीवरचा मेटल हॅलाईड बल्ब सारखा का उडतोय म्हणून? आज त्यांच्या घरीच गेलो.

बल्ब दीडशे वॅटचा आणि चोक चारशेचा! आधी स्विच बंद केला.

"भारीतला हाय की, पावणं," काका म्हणाले. "एमआयडीसीत आमच्या शेडातला. कंपनीनं एलईडी लावल्यावर मी मागून घेतला. ह्येच्याच उजेडात आयुष्य गेलं माझं."

आता ह्यांना कसं सांगायचं? तरी सांगितलं. मोठा चोक बल्बला झेपणार नाही इतका करंट देतो, एखाद्या दिवशी बल्ब फुटून काच टाकीत पडेल. चारशेचा बल्ब लावला तर एवढ्याशा टाकीतले मासे उकडतील.

"म्हंजे मासं तरी, न्हाईतर ह्यो तरी?"

"व्हय, काका."

ते माशांकडं बघत राहिले. मग स्वतःच वायरी सोडल्या, चोक फडक्यानं पुसला आणि टीव्हीशेजारी ठेवला.

कुणाकडं दीडशेचा चालू चोक पडून आहे का? त्यांना नेऊन द्या. फक्त टीव्हीजवळच्या त्या चोकला भंगार म्हणू नका.