स्कॅनरवरचं नाव

गोदाआत्या गेल्याचं मला फोनवरच्या स्टेटसवरून कळलं. शाळेची मधली सुट्टी होती, डबा नुकताच उघडला होता, एका हातानं फोन चाळत होते आणि अचानक आत्याचा फोटो समोर आला. खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, दोन्ही बाजूंना समया आणि तळाला ‘शोकाकुल’ म्हणून बालाजीचं नाव, तिच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात. बालाजी तिचा मुलगा, माझा आतेभाऊ. त्यांचं घर माझ्या शाळेपासून चालत दहा मिनिटांवर आहे. मला एक फोन करायच्या आधी बॅनर बनवून घ्यायला त्याला वेळ मिळाला होता. फोटो मी लगेच ओळखला. बँकेनं आत्याचा सत्कार केला तेव्हाचा. खांद्यावर शाल होती, हातातली काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची पाटी मात्र खालून कापून टाकली होती. त्या पाटीला आमच्याकडं सगळे स्कॅनर म्हणतात. ग्राहकानं तिच्यावर फोन धरला की त्याच्या खात्यातले पैसे दुकानदाराच्या खात्यात जातात. ती पाटी आत्याला मी मिळवून दिली होती. आज पाच आठवडे झाले. हे लिहायला बसले ते तिचे गुण गायला नाही. मला राग आलाय... थोडा बालाजीचा, जास्त माझाच.

आत्याची भाकरीची टपरी उमरग्यात हायवेला लागून. तिचे यजमान ट्रकवर ड्रायव्हर होते, ते बालाजी चौथीत असताना गेले, आणि त्याच वर्षी हिनं चार पत्रे उभे करून चूल पेटवली. ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगाची चटणी, फोडलेला कांदा. यापलीकडं काही नाही, आणि जे आहे त्याला नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती. कर्नाटकातला ड्रायव्हर आला की ‘ऊटा माडरी’ म्हणून त्याच्या भाषेत जेवायला बसवायची. हैदराबादकडच्याला तिच्या हिंदीत दम द्यायची, “हाथ धोके बैठो भाई, मेरी भाकरी है, तुमारा स्टेअरिंग न्हाय.” समोर मी तिला ‘तुम्ही’च म्हणायचे. लिहिताना मात्र ‘ती’ म्हणते आहे, कारण तिनं मला अंगाखांद्यावर खेळवलंय आणि तेवढा हक्क मला आहे. तिच्या कमरेला कापडी पिशवी खोचलेली असायची. तिच्यात किती आहे हे ना बालाजीला ठाऊक होतं ना मला. ढोकीला दिलेल्या तिच्या लेकीच्या, मंगलच्या, दोन्ही बाळंतपणांचा खर्च त्या पिशवीतून झाला आणि मंगलच्या नवऱ्याला तो कुठून आला हे कधी कळलं नाही. एकदा मी टपरीवर गेले तर आत्याच्या डोळ्यावर हिरवं फडकं. एस्टीनं एकटी सोलापूरला जाऊन मोतीबिंदू काढून आली होती! मी चिडले, “आत्या, सांगायचं तरी!” तर म्हणाली, “काय सांगायचं? डोळा माजा, पैसे माजे. तुमी काय टाके घालणार व्हता का?”

मग लोकांच्या खिशातली रोकड आटत गेली. गाडी थांबायची, ड्रायव्हर खिडकीतूनच विचारायचा, “मौसी, स्कॅनर है क्या?” आणि नाही म्हटलं की पुढच्या ढाब्याकडं जायचा. आत्याचं पीठ संध्याकाळी तसंच उरायला लागलं. मी शिकलेली भाची, मास्तरीण, मला हे बघवेना. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तिला बँकेत घेऊन गेले. तिचं खातं होतं, पण त्याला फोन नंबर जोडलेला नव्हता आणि तो जोडायला अंगठा लागत होता. मशीनवर तिनं उजवा अंगठा ठेवला, मग डावा, मग एकेक करून दहाही बोटं. बँकेतल्या बाईंनी बिचाऱ्यांनी तिचे हात ओल्या रुमालानं पुसले, तेल लावून पाहिलं. एकही बोट उमटलं नाही. तीस वर्षं तापल्या तव्यावरची भाकरी बोटांनी उलटून रेषाच उरल्या नव्हत्या. आत्याला त्याची मोठी गंमत वाटली. “म्हंजे म्या चोरी केली तर सापडायची न्हाय!” म्हणाली, आणि रांगेतली माणसं हसली. बाई म्हणाल्या, अर्ज भरून द्या, फोटो द्या, पुढच्या आठवड्यात परत या, करून देते. एवढंच करायचं होतं. एक अर्ज आणि एक हेलपाटा. पण माझ्या पिशवीत सहामाहीचे पेपर तपासायचे पडले होते, ऊन रणरणत होतं, आणि मी म्हणाले, “आत्या, कशाला त्रास? बालाजीच्या खात्याला जोडून टाकू. घरातलंच तर आहे.” तिनं एकच प्रश्न विचारला. “मंग पैसे कुठं यायचे?” मी म्हटलं, बालाजीच्या खात्यात, म्हणजे तुमच्याच घरात. तिनं पदरानं बोटांचं तेल पुसलं आणि म्हणाली, “बरं. तू शिकलेली हायस, तुला कळतंय.”

तीन महिन्यांनी बँकेनं कार्यक्रम घेतला. शाल, नारळ आणि टाळ्या. गावातल्या पत्रकारानं फोटो छापला, वर मथळा ‘हायवेवरची डिजिटल आजी’. तो मी शाळेच्या ग्रुपवर टाकला, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, वर्गात भिंतीवर चिकटवला. ज्या बाईच्या नावावर त्या पाटीतला एक रुपया येत नव्हता, तिला आम्ही सगळ्यांनी मिळून डिजिटल केलं. पैसे भरताना फोनवर नाव येतं, आणि शहाणी माणसं खात्री करून घेतात. “बालाजी नाव येतंय मावशी, बरोबर ना?” आत्या चुलीपुढून मान वर करून म्हणायची, “व्हय, माजं लेकरू हाय.” दिवसातून पन्नास वेळा. सुरुवातीला तिच्या आवाजात कौतुक असायचं. पैसे आल्याचं मोठ्यानं सांगणारा डबाही फळीवर आला होता. ‘ऐंशी रुपये प्राप्त झाले,’ डबा ओरडायचा आणि आत्या पुढची भाकरी थापायची. तिचे पैसे तिला आता नुसते ऐकायला मिळत होते.

कमरेची पिशवी कधी गेली ते माझ्या लक्षातही आलं नाही. पीठ दळून आणायचं तर बालाजी गिरणीवाल्याला फोनवरून पैसे पाठवायचा, किराणा भरायचा तर किराणावाल्याला. सगळं वेळच्या वेळी व्हायचं. तो दारू पीत नाही, पत्ते खेळत नाही. त्यानं मालवाहू पिकअप गाडी घेतली होती आणि तिचा हप्ता त्या खात्यातून जात होता, एवढंच. पंचमीला मंगल माहेरी आली तेव्हा मीही टपरीवर होते. आत्यानं चार गिऱ्हाइकांच्या देखत बालाजीला फोन लावला, “बाळा, मंगीला लुगडं घ्यायचंय, पैसे दे की.” पलीकडून तो काय म्हणाला कळलं नाही. मग ती फोनवर आवाज बारीक करून म्हणाली, “बरं बरं... तू म्हणशील त्येवढ्यातलं घेऊ.” दुकानदाराला त्यानं पैसे परस्पर पाठवले. लुगडं किती रुपयांचं घ्यायचं ते त्यानं ठरवलं, आणि दुकानदारानं त्या किमतीच्या गठ्ठ्यातलंच काढून पुढं टाकलं. आत्यानं रंग तेवढा निवडला. मी हे सगळं पाहिलं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे आज लिहिताना लाज वाटते.

त्यानंतर दिवाळीच्या सुमारास मी एकदा जेवायला गेले, फोन काढला, तर पाटी जागेवर नाही. पिठाच्या डब्यामागं भिंतीकडं तोंड करून ठेवलेली. तो बोलका डबाही बंद. मी विचारलं तर म्हणाली, “बंद पडलंय. रोख असली तर दे, न्हाय तर ऱ्हाऊ दे.” समोर एक गाडी थांबली, त्या माणसालाही तेच सांगितलं, तो निघून गेला. मी पाटी काढून फोन धरून पाहिला, पाटी व्यवस्थित चालू होती. मग मी काय केलं? मी तिला झापलं. भर दुपारी, दोन ड्रायव्हर जेवत असताना, वर्गात पोरांना झापते तशी. “आत्या, जग कुठं चाललंय आणि तुम्ही गिऱ्हाईक परत लावता! काळाबरोबर चालायला नको का?” ती माझ्याकडं बघत राहिली. हातावरची भाकरी तशीच थांबली होती. मग म्हणाली, “तुजं बरोबर हाय बाई.” आणि पाटी स्वतःच्या हातानं पुसून पुढं मांडली, डबा चालू केला. मी ऐंशी रुपये भरले. डबा ओरडला. मी मोठं काम केल्यासारखी घरी गेले.

जानेवारीत तिला छातीत भरून यायला लागलं. इथल्या डॉक्टरांनी तपासलं आणि चिठ्ठी लिहून दिली, सोलापूरला जाऊन हृदयाची तपासणी करा, लांबवू नका. चिठ्ठी मी वाचली. म्हटलं, आत्या, उद्याच जा. तर जी बाई डोळा कापून घ्यायला कुणाला न सांगता एस्टीत बसली होती, ती म्हणाली, “बालाजीला इचारते.” पंधरा दिवसांनी विचारलं, झालं का? “इचारलंय. पुढच्या म्हयन्यात जाऊ म्हनलाय, या म्हयन्यात हप्ता हाय.” मी म्हटलं, मी देते पैसे. तेव्हा मात्र ती जुनी आत्या झाली. “तुजे कशाला? माजे काय थोडे हायत?” थोडे नव्हतेच. रोजचे किती येत होते हे ती माझ्यापेक्षा चांगलं जाणत होती, कानानं ऐकत होती. मी जास्त ताणलं नाही. तिला हाताला धरून गाडीत बसवायला हवं होतं, पण मला वाटलं, मुलगा आहे, नेईल. पुढच्या महिन्यात टायर बदलावे लागले. त्याच्या पुढच्या महिन्यात, भाकरी थापता थापता, पाटावरच ती कलंडली. चिठ्ठी चटणीच्या बरणीखाली होती, मी वाचून घातलेली घडी तशीच.

तेराव्याला बालाजी माझ्याजवळ येऊन बसला. डोळे सुजलेले होते, रडणं खोटं नव्हतं. म्हणाला, “ताई, तूच सांग, आईला काय कमी केलं व्हतं म्या? खायला-ल्यायला, समदं तर बघत व्हतो.” मी त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला. त्यानं तिला उपाशी ठेवलं नाही, हाकललं नाही, तिच्यावर हात उगारला नाही. कुठल्याही पोलिसाला, कुठल्याही पंचाला सांगावं असं त्यानं काही केलेलं नाही. त्यानं फक्त आईचं रोजचं मिळवणं स्वतःचं समजून खर्च केलं, आणि तसं समजायची सोय मी करून दिली होती.

टपरी चौदाव्या दिवशी उघडली. आत्याच्या पाटावर आता बालाजीची बायको सुनीता बसते. भाकरी तिचीही चांगली होते. आत्यासारखीच ती पहिली भाकरी काढून बाजूला ठेवते, ज्याच्या खिशात काही नाही असा कुणी आला तर द्यायला. या आठवड्यात मी गेले तेव्हा दुपारचं गिऱ्हाईक ओसरलं होतं. तिनं ताट माझ्यापुढं ठेवलं, रस्त्याकडं एकदा बघून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, “वन्सं, मला माझ्या नावचं स्कॅनर काढून द्याल का? तुमी आत्याबाईंचं काढून दिलं व्हतं म्हणून इचारलं.” घास माझ्या हातात होता. आणि मी, जी पाच आठवडे रात्रंदिवस स्वतःला दोष देत होते, जिला सगळं कळून चुकलं होतं, त्या मी काय म्हणावं? मी म्हणाले, “बालाजीला विचारलंस का?”

सुनीतानं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. हे असंच होणार हे ठाऊक असल्यासारखं. मग “बरं” म्हणाली आणि परातीत पीठ घेऊन पाणी घातलं. मी ताट बाजूला सारलं आणि तिला म्हणाले, सोमवारी अकरा वाजता तयार राहा, बँकेत जायचंय, तुझ्या खात्याला तुझा नंबर जोडायचाय. अर्ज भरावा लागला तर भरू, दहा हेलपाटे पडले तरी घालू. तिनं विचारलं, “आन ह्यांनी इचारलं तर?” त्याचं उत्तर मी इथं लिहिते. वर्तमानपत्राची ही पुरवणी रविवारी येते आणि बालाजी ती वाचतो. वाच बाबा. उद्या तुझी बायको माझ्याबरोबर बँकेत येते आहे, आणि आम्ही तुला विचारलेलं नाही.