ब्रेकवरचा पाय

आमच्या ट्रकचं इंजिन मे महिन्यात अमरावती रोडवर जाम झालं. ट्रक तेरा वर्षांचा, बाबांचा स्वतःचा. हिंगण्याच्या कारखान्यांतला माल ते त्यातून नेतात. नवं इंजिन परवडणारं नव्हतं. वाडीजवळच्या एका कबाड्याकडे अगदी तसंच इंजिन मिळालं, अपघात झालेल्या गाडीतलं. गाडीचा उरलेला सांगाडा तिथेच बाजूला पडला होता. केबिनचा समोरचा भाग आत घुसलेला. मी एकदाच पाहिलं आणि मान फिरवली.

बाबांनी विचारलं, "ड्रायव्हर?"

"गेला," कबाडी म्हणाला. "झोप लागली त्याले. उभ्या ट्रेलरमध्ये घुसला. सारे तसंच म्हणतेत."

"रस्त्यावर मेलेल्या ड्रायव्हरले सारे झोपलाच म्हणतेत. पाहायले कोण होतं?"

"भाऊ, तुम्ही इंजिन घेऊन राहिले का चौकशी करून राहिले?" कबाडी हसत म्हणाला.

बाबा हसले नाहीत. बाबा तीस वर्षं ट्रक चालवतात. डोळा लागणं ही त्यांच्या लेखी साधी चूक नाही. तो ड्रायव्हरच्या नावावरचा डाग आहे, आणि मेलेल्याला तो पुसता येत नाही. तरी इंजिन त्यांनी घेतलं.

आमचे मिस्त्री वयस्कर आहेत. दुसऱ्या गाडीतलं इंजिन बसवलं की ते लगेच चावी फिरवू देत नाहीत. आधी इंजिन हातानं पूर्ण एक फेरा फिरवायचं, न बोलता. आत काही अडकलंय का ते हाताला कळतं, हे त्याचं कारण. पण त्या वेळी मिस्त्री चप्पल काढून ठेवतात, त्याचं कारण त्यांनी कधी सांगितलं नाही. बाबांनीही चप्पल काढली आणि दोघांनी मिळून फेरा दिला.

पुढचं काम माझ्याकडे आलं. या इंजिनांना एक कॉम्प्युटर असतो. किती डिझेल सोडायचं, केव्हा सोडायचं ते तो ठरवतो. इंजिनासोबत त्याच गाडीचा कॉम्प्युटर आला होता आणि तो आता आमच्या गाडीला जुळवून द्यायचा होता. वाडीत हे काम करणारे जे दोघं होते त्यांना आठ दिवस फुरसत नव्हती. घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, त्यात मेकॅनिकल, तिसरं वर्ष. बाबांना वाटलं, मला हे येतच असणार. येत नाही असं मला म्हणवलं नाही. एका सिनियरकडून केबल आणि सॉफ्टवेअर आणलं, दोन दिवस व्हिडिओ पाहिले आणि भर दुपारी केबिनमध्ये लॅपटॉप घेऊन बसलो. घामानं बोटं कीबोर्डवरून घसरत होती.

व्हिडिओत सांगितलं होतं, सगळ्यात आधी कॉम्प्युटरमध्ये साठलेले जुने बिघाड पुसा. मी यादी उघडली. चार बिघाड होते. शेवटचा समोरच्या एका सेन्सरची तार तुटल्याचा. अशा नोंदीसोबत कॉम्प्युटर त्या क्षणाची गाडीची स्थितीही लिहून ठेवतो. मी ती वाचली. वेग बावन्न. ॲक्सिलरेटर शून्य. ब्रेक दाबलेला.

खाली प्रश्न आला, पुसायचं का? मी हो म्हटलं.

यादी रिकामी झाली, आणि मग मला कळलं की मी काय वाचलं होतं. समोरची तार तुटली तो क्षण म्हणजे ट्रेलर लागला तो क्षण. त्या क्षणी त्या माणसाचा पाय ब्रेकवर होता. तो जागा होता. ही गोष्ट जगात एकाच ठिकाणी लिहिलेली होती आणि ती मी पुसली होती. फोटो काढला नव्हता. वहीत उतरवलं नव्हतं. यादी पुन्हा उघडली, केबल काढून लावली, पुन्हा उघडली. काही नव्हतं.

बाहेरून मिस्त्री ओरडले, "काय झालं गा इंजिनेर? झोपला का?"

मी सॉफ्टवेअरमधली पुढची पायरी उघडली.

मग इंजेक्टरचे, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या नळ्यांचे, आकडे भरायचे होते. त्या इंजिनाचे इंजेक्टर गंजले होते, म्हणून मिस्त्रींनी आमच्या जुन्या इंजिनाचे चांगले चार काढून बसवले होते. प्रत्येकाच्या डोक्यावर एक छोटा कोड कोरलेला असतो आणि तो ज्याच्या त्याच्या जागी भरावा लागतो. मिस्त्री एकेक वाचत गेले, मी भरत गेलो. चावी फिरवली. इंजिन सुरू झालं, पण सगळी केबिन थडथडायला लागली. सीटवरची माझी मांडी हलत होती. इंजिन मध्येच धाप लागल्यासारखं थांबायचं आणि पुन्हा उचलायचं.

"अजून आहे तो यात," मिस्त्री म्हणाले. गमतीनं म्हणाले, पण म्हणतानाच त्यांनी पुन्हा चप्पल काढली.

मला तिथून उतरून पळून जावंसं वाटलं. अर्ध्या तासानं चूक सापडली. मिस्त्री गिअरबॉक्सच्या बाजूला, म्हणजे इंजिनाच्या मागच्या टोकाला बसले होते, म्हणून त्यांनी त्यांच्याजवळचा इंजेक्टर एक नंबर धरला. कॉम्प्युटर समोरून, पंख्याच्या बाजूनं मोजतो. सगळे आकडे उलटे भरले गेले होते. मी ते सरळ केले आणि इंजिन शांत झालं. बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

मी मात्र त्या दिवसापासून नीट जेवलो नाही. आकडे उलटे भरणारा मी, ब्रेकचं तरी बरोबर वाचलं होतं का? कदाचित 'दाबलेला नाही' असं असेल. वर्गात बसलो की ती ओळ डोळ्यांसमोर यायची, आणि जितकी आठवावी तितकी पुसट व्हायची. चार दिवस मी कोणालाच सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी वेग जुळवायला निघालो. कॉम्प्युटर ज्या गाडीचा होता तिची चाकं वेगळ्या मापाची होती, त्यामुळे काटा चुकीचा वेग दाखवत होता. हिंगणा रोडवर बाबा चालवत होते, मी शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन आकडे पाहत होतो. एका कंपनीची बस समोर थांबली. बाबांनी ब्रेक दाबला आणि पडद्यावर, त्याच रकान्यात, त्या दुपारी पाहिलेले तेच शब्द उमटले. ब्रेक दाबलेला.

मी म्हणालो, "बाबा, तो झोपला नव्हता."

बाबांनी गाडी कडेला घेतली. मी सगळं सांगितलं. पुसलं तेही.

"पक्कं?"

"आता पक्कं."

"मंग चार दिवस काहून बोलला नाही?"

बाबांनी तिथूनच गाडी वळवली आणि कबाड्याकडे नेली. त्यानं कुरकुर केली, पण गाडीमालकाला फोन लावून त्या ड्रायव्हरच्या घरचा नंबर मिळवून दिला. बाबा म्हणाले, "तू बोल. तू वाचलं."

फोन त्या ड्रायव्हरच्या आईनं उचलला. मी कोण, इंजिन कुठलं, हे सांगतानाच माझी जीभ अडखळत होती. मग म्हणालो, "मावशी, लोक म्हणतात ते खोटं आहे. तुमच्या मुलाला झोप लागली नव्हती. शेवटपर्यंत त्यांचा पाय ब्रेकवर होता."

मला वाटलं, आता त्या रडतील. मला आतून थोडं हलकंही वाटायला लागलं होतं, हे मी कबूल करतो.

मग त्या म्हणाल्या, "म्हणजे त्याले दिसलं होतं?"

मी बाबांकडे पाहिलं.

"बाबू, मी तर रोज म्हणत होती, झोपेत गेलं लेकरू, त्याले काही समजलं नाही. तेवढंच होतं माह्यापाशी. सांग ना. दिसलं होतं का?"

एक वाट मला दिसत होती. माझ्याकडून याआधीही आकडे चुकले आहेत, हेही चुकीचं वाचलं असेन, असं म्हणता आलं असतं. दाखवायला कागद नव्हताच. मी तोंड उघडलं आणि मला दोन्ही बोलता आलं नाही, खरंही आणि खोटंही. बाबांनी माझ्या हातून फोन घेतला.

"बाई, मी गाडीवालाच आहो," ते म्हणाले. "तीस वर्ष झाले. अशा वक्ती पाय आपोआप जाते. भेव लागायले टाइमच नसते. मले माहीत आहे, म्हणून सांगतो."

त्या काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. बाबा नुसते "हो", "हो" म्हणत राहिले. मग त्यांनी फोन ठेवला.

परत येताना मी विचारलं, "खरंच भेव वाटत नाही?"

बाबा रस्त्याकडे पाहत होते. नजर न वळवता म्हणाले, "तिले काय सांगाचं होतं मंग?"

त्या आईनं पुन्हा कधी फोन केला नाही, आणि मीही केला नाही. नंबर मात्र अजून माझ्याकडे आहे. ट्रक चालू आहे, इंजिन चांगलं चालतं. सुटीच्या दिवशी मी बाबांसोबत जातो. ते बोलत असतात, मी हो-हो करतो, आणि माझी नजर खाली त्यांच्या उजव्या पायाकडे जाते. परवा त्यांनी ते पाहिलं. आता सिग्नल लांब असतानाच ते ब्रेकवर पाय ठेवतात.