घाटंजीचा तुपाचा डबा

दोष वकीलसाहेबांचा. आधीच सांगून टाकतो, नाहीतर किस्सा संपेपर्यंत तुम्ही सगळं खापर माझ्या डोक्यावर फोडाल. फोडायला जागा आहे म्हणा!

यवतमाळच्या आमच्या वसतिगृहात पोरांचं भाऊमंडळ होतं. आडनावावरून जात कळते, म्हणून आत पाऊल टाकलं की आडनाव दाराबाहेर. गाव तेच नाव. तांड्यावरचा असो की पाटलाचा. एक घाटंजी, एक ढाणकी, एक उमरखेड.

मंडळाला दहा वर्षं झाली आणि पहिल्या तुकडीतले वकीलसाहेब पाहुणे ठरले. मूळचे घाटंजीचे. दरवर्षी यायचे आणि आजच्या पोरांत चारित्र्य कसं नाही, हे तासभर ऐकवायचे. ह्या वेळी मला म्हणाले, "मंडळाचा इतिहास वाच बाप्पा. जुन्या वहीत आहे तसाच. एक अक्षर गाळू नको."

गाळतो कशाला! पहिल्याच वहीत सापडलं. पोळ्याच्या पुरणपोळीसाठी आणलेला तुपाचा डबा घाटंजीने स्वतःच्या पेटीत लपवला. पोरं कोरडी पोळी खाऊन उठली. शिक्षा म्हणून घाटंजीने महिनाभर सगळ्यांची ताटं घासली. वही छातीशी धरून मी खोलीभर नाचलो.

कार्यक्रमाला पहिल्या रांगेत आमचे रेक्टर. तेही ह्याच मंडळातून शिकून आमच्याच कॉलेजात मास्तर झालेले. पण मूळचे कुठले, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. जेवताना रोज 'जिभेवर ताबा ठेवा' सांगायचे आणि थेंब मोजून तूप वाढायला लावायचे. माझी हजेरी कमी भरलेली, परीक्षेचा फॉर्म त्यांच्या टेबलावर सहीसाठी पडलेला. उद्या करतो म्हणाले होते.

मी वाचत वाचत तुपापाशी आलो. डबा, पेटी, ताटं, सगळं चवीने वाचलं आणि वकिलांकडे हात करून पदरचं जोडलं, "हाच घाटंजी आज आपल्याले चारित्र्य शिकवून राह्यला."

पोरांनी बाकं बडवून बडवून खिळखिळी केली. असा मी जन्मात जिंकलो नव्हतो!

वकील सावकाश उठले. चेहऱ्यावर हसू.

"पोरा, एका गावचे दोघं आले, तर मागून येणाऱ्याचं नाव काय पडते?"

"मामाच्या गावचं," मी म्हणालो. मी स्वतः ढाणकीचा. पण माझ्याआधी एक ढाणकी होता, म्हणून तीन वर्षं मला सगळे मुकुटबन म्हणत होते. हा नियम मी विसरावा?

"मी मागून आलतो. मी उमरखेड होतो," वकील म्हणाले. "घाटंजी तो बसला समोर."

सगळ्या माना वळल्या. रेक्टर छताकडे बघत होते.

वकिलाला वहीत काय आहे ते पक्कं ठाऊक होतं, हे मला तेव्हा कळलं. दहा वर्षं कोरड्या पोळीचा राग पोटात ठेवून बसला होता गडी, आणि वाचायला मला उभं केलं!

शहाण्या माणसाने तिथेच माफी मागितली असती. मी पान मागे उलटलं आणि तुपाचं प्रकरण पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ह्या वेळी रेक्टरांकडे बघून.

पोरांनी मला खांद्यावर घेऊन अंगणात तीन फेऱ्या मारल्या. त्या दिवशीच्या पंगतीत आचाऱ्याने तूप वाटीने वाढलं आणि रेक्टरांनी हूं की चूं केलं नाही.

फॉर्मवर सही झाली नाही. मी बी.ए. झालो नाही.