लेबल नसलेल्या दोन बाटल्या

एतेल्विना फालेरोच्या हातची वाइन चाखली नाही असं घर माँतेविदेओजवळच्या प्रोग्रेसो गावात शोधून सापडायचं नाही. घरामागे द्राक्षाच्या चार ओळी, सिमेंटची एक टाकी, दोन जुनी पिंपं आणि बूच बसवायचं एक हाती यंत्र, एवढ्या संसारावर ती दर वर्षी वाइन करायची. विकायची मात्र नाही. कुणाच्या पोराचा बाप्तिस्मा असला, कुणी आजारातून उठलं, कुणाची मुलगी स्पेनहून आली, की एतेल्विना दोन बाटल्या बगलेत मारून हजर. त्या बाटल्यांवर काही लिहिलेलं नसायचं. कुणी विचारलंच तर म्हणायची, "दिवसभर लोकांच्याच बाटल्यांना नावं चिकटवते, घरी तरी ते नको."

आणि ते खरंच होतं. गावाबाहेरच्या मोठ्या वाइनरीत, लेबलं लावायच्या टेबलावर तिनं एकतीस वर्षं काढली. आधी हातानं, खळ लावून, पुढे यंत्रावर. बाटलीवर लेबल केसभर तिरकं बसलं तरी तिला चार हातांवरून दिसायचं. वाइनरीच्या वरच्या मजल्यावर पाहुण्यांसाठी एक दालन होतं. तिथं शुभ्र कापड अंथरलेली मेजं होती, आणि हातावर पांढरा रुमाल टाकून वाइन ओतणारा माणूस होता. खालच्या बायकांना तिथं काही काम नसे. एकतीस वर्षांत एतेल्विना तिथं एकदाच गेली, तीही सांडलेली वाइन पुसायला. पाहुणे पाय वर घेऊन बसले होते आणि ती त्यांच्या खुर्च्यांखाली फडकं फिरवत होती. त्या दिवसापासून तिच्या मनात एक गोष्ट बसली होती. आयुष्यात एकदा आपण अशा मेजावर बसायचं, आणि आपली स्वतःची वाइन कुणीतरी तसा रुमाल टाकून आपल्याला ओतायची. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

त्यामुळे लग्नाला चाळीस वर्षं होताहेत म्हणून मुलीनं, माबेलनं, जहाजाची सहल ठरवली तेव्हा एतेल्विनानं पहिला प्रश्न विचारला तो वाइनचा. माँतेविदेओहून निघायचं, आठवडाभर ब्राझीलच्या किनाऱ्यानं फिरायचं आणि परत. नवरा विल्मार, निवृत्त बस ड्रायव्हर, तर पोहायची नवी चड्डी आणून आरशासमोर उभाही राहून आला होता.

"जहाजावर आपली वाइन नेता येते का गं?"

माबेलनं फोनवर वाचून सांगितलं, "येते की. माणशी एक बाटली. पाऊण लिटरची, सीलबंद, हातातल्या सामानात. जेवणघरात उघडली तर बूच काढायचे पैसे वेगळे."

"बूच माझं, वाइन माझी, आणि पैसे त्यांना?"

"आई, जायचंय ना?"

"जायचंय. देईन मी."

मग ती कामाला लागली. आदल्या वर्षीच्या तन्नात द्राक्षाच्या वाइनमधल्या दोन बाटल्या तिनं निवडल्या. तशी वाइन तिच्याही हातून दहा वर्षांत एकदाच उतरली होती. बाटल्या धुऊन पुसून लख्ख केल्या, टॉवेलांत गुंडाळल्या आणि पिशवीत उभ्या न ठेवता आडव्या ठेवल्या. बंदरापर्यंतच्या बसमध्ये पिशवी मांडीवर. विल्मार म्हणाला, "इतकं जपून तर तू माबेललासुद्धा दवाखान्यातून आणलं नव्हतंस."

बंदरावर जानेवारीचं, म्हणजे तिकडच्या भर उन्हाळ्यातलं ऊन आणि ही रांग. दीड तास उभं राहून त्यांचं सामान एकदाचं तपासणीच्या पट्ट्यावर चढलं. पलीकडे जहाजाचा एक अधिकारी होता, पन्नाशीचा, ब्राझीलकडचा, कडक इस्त्रीचा. त्यानं टॉवेल उलगडला.

"बाई, हे काय आहे?"

"वाइन. माणशी एक. आम्ही दोघं आहोत."

"लेबल कुठंय?"

"लेबल नाही. घरची आहे."

"मग नाही चालणार. मूळ सीलबंद पाहिजे, कंपनीच्या लेबलासकट. आत काय आहे ते मला कसं कळणार?"

"मी सांगतेय ना काय आहे ते! उघडा, एक घोट घ्या, तुम्हालाच कळेल."

"उघडली की ती सीलबंद राहत नाही, बाई."

एतेल्विनानं बाटली उचलून त्याच्यापुढं धरली. ती म्हणाली, "नियमात लिहिलंय सीलबंद. हे बघा, बूच माझ्या हातानं बसवलंय. सुई जायची नाही यातून. लेबल पाहिजे असं लिहिलेलं दाखवा मला."

त्यानं एक छापील कागद दाखवला. त्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, ते लिहिलेलं होतं. पोर्तुगीजमध्ये.

मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अहो आजी, आत पाहिजे तेवढी मिळते! चला की पुढं!"

"थांबा जरा!" एतेल्विना मागं वळून म्हणाली. मग तिनं पर्समधून पेन काढलं, सामानाला लावायची एक कोरी चिकटपट्टी मेजावरून उचलली आणि त्यावर ठसठशीत लिहिलं: एतेल्विना फालेरो, प्रोग्रेसो, तन्नात. बाटलीवर ती पट्टी अशी सरळ बसवली की मोजपट्टी लावून बघावी. "झालं लेबल."

अधिकारी हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. "छापील पाहिजे," एवढंच म्हणाला.

"एकतीस वर्षं मी लेबलं लावलीत! लाखांनी लावलीत! तुमच्या या जहाजावर ज्या बाटल्या असतील ना, त्यातल्या निम्म्यांवर माझे हात फिरलेत!"

विल्मारनं तिची बाही ओढली. "सोड ना गं, म्हातारे. लोक बघताहेत."

"बघू देत. तू गप बस." पण एवढं सोडता तो गप्पच होता, आणि तिला खरा राग त्याचाच आला.

शेवटी बाटल्या एका निळ्या क्रेटमध्ये गेल्या. हातात पावती आली: दोन नग, परतीच्या दिवशी मिळतील. क्रेट उन्हात, उघड्यावर होता. "तो सावलीत तरी ठेवा," ती म्हणाली. अधिकाऱ्यानं मान हलवली आणि पुढच्याची पिशवी उघडली.

जहाज सुटलं तेव्हा सगळे कठड्याशी उभे राहून हात हलवत होते. एतेल्विना चौकशीच्या खिडकीपुढं उभी होती. तिथली बाई गोड बोलली. हे सुरक्षा विभागाचं काम, म्हणाली. सुरक्षा विभाग तिसऱ्या मजल्यावर. तिसऱ्या मजल्यावर एक बंद दार आणि एक घंटी. घंटी वाजवली तर आतून आवाज आला की हे पेयविभागाचं काम. पेयविभागाचा प्रमुख जेवायला गेला होता. दुसऱ्या दिवशी तो झोपला होता. मग लोकांना घेऊन तो किनाऱ्यावर गेला होता. आठव्या मजल्यापासून तिसऱ्यापर्यंत एतेल्विनाला आता सगळे जिने पाठ झाले होते. विल्मार पोहण्याच्या तलावात डुंबायचा, जेवायला यायचा, "मिळाल्या का?" विचारायचा आणि उत्तर ऐकायच्या आत ताट भरायला जायचा.

चौथ्या दिवशी लग्नाचा वाढदिवस. संध्याकाळी मोठ्या जेवणघरात माबेलनं घरूनच मेज राखून ठेवलं होतं. शुभ्र कापड, मधे फुलं. एतेल्विनानं निळा झगा घातला होता. वेटर आला, केस पिकलेला, अदबीचा माणूस. हातावर पांढरा रुमाल. एतेल्विना त्या रुमालाकडे बघत राहिली. त्यानं वाइनची यादी पुढं केली.

दुसऱ्याच ओळीत तिच्या वाइनरीचं नाव होतं. वेटरला वाटलं तिला ती पसंत पडली. तो बाटली घेऊन आला आणि लेबल तिच्याकडे करून दाखवू लागला.

"तिरकं लावलंय," एतेल्विना म्हणाली.

"काय म्हणालात, बाई?"

"उजवीकडून वर गेलंय. माझ्या वेळी ही बाटली परत गेली असती. घेऊन जा. मला पाणी द्या."

"अगं, आजच्या दिवशी पाणी?" विल्मार म्हणाला.

"माझी वाइन खाली कुठंतरी कोठडीत आहे. ती मिळेपर्यंत पाणी."

विल्मारनं खांदे उडवले आणि स्वतःसाठी बिअर मागवली. चाळीस वर्षांच्या संसाराच्या मेजावर एक ग्लास पाणी आणि एक ग्लास बिअर. एतेल्विना त्या फेसाकडे बघत होती. माशाचं ताट तिनं बाजूला सारलं.

"तुला काहीच वाटत नाही," ती म्हणाली. "बंदरावर माझ्या बाजूनं एक शब्द काढला नाहीस. 'लोक बघताहेत.' तुझ्या बसमध्ये कुणी तिकीट नाही काढलं तर अख्खी बस थांबवायचास, आणि इथं बायकोसाठी जीभ उचलेना!"

विल्मारनं ग्लास खाली ठेवला. तो चिडत नसे, पण आता त्याचाही आवाज चढला. "दोन बाटल्यांसाठी चार दिवस तू माझ्याशी धड बोललेली नाहीस. समुद्र बघितला नाहीस. घरी ती वाइन आपण रोज पितो, एतेल्विना! तुला ती प्यायची नव्हतीच. तुला ती कुणालातरी दाखवायची होती."

 ते खरं होतं, आणि दालनाची गोष्ट न सांगताही त्यानं नेमकं तिथंच बोट ठेवलं होतं. ती उठली आणि खोलीत गेली. गोड पदार्थावर चाळीसचा आकडा काढून आणला होता म्हणे. तो विल्मारनं एकट्यानं खाल्ला की तसाच ठेवला, हे तिनं कधी विचारलं नाही.

सकाळी ती उठली तर विल्मारची बाजू रिकामी. तलावावर नव्हता, नाश्त्याला नव्हता. शेवटी तो तिला चौकशीच्या खिडकीशी दिसला. डोक्यावरची टोपी हातात, दुसऱ्या हातात ती पावती. अर्धं पोर्तुगीज, अर्धं स्पॅनिश, असं काहीतरी तो त्या बाईला सांगत होता. "माझी बायको एकतीस वर्षं... नाही, तुम्ही ऐका... एकतीस वर्षं तिनं दुसऱ्यांची नावं चिकटवली. तिला एक बाटली द्यायची, एवढंच. पैसे घ्या बुचाचे. दुप्पट घ्या." बाई गोड हसत होती आणि नाही म्हणत होती. मागच्या लोकांची चुळबूळ चालली होती, कुणीतरी घड्याळ दाखवत होतं. विल्मार जागचा हलला नाही.

एतेल्विना जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिली.

"कधीपासून उभा आहेस?"

"साडेसातपासून. ही आता म्हणतेय, पेयविभागाला विचारा."

"तो झोपलाय," एतेल्विना म्हणाली. "चल, कॉफी घेऊ."

कॉफी पिताना तिनं त्याला वरच्या मजल्याच्या दालनाची, फडक्याची, पाहुण्यांच्या पायांची गोष्ट सांगितली. विल्मारनं ऐकून घेतली. "हे तू मला आधी सांगायचंस," म्हणाला. "मी त्या बंदरावर आडवा पडलो असतो." ती म्हणाली, "नसतास पडला." तो म्हणाला, "नसतो पडलो, पण उभा तरी राहिलो असतो."

परतीच्या दिवशी माँतेविदेओच्या धक्क्यावर एका लांब टेबलावर लोकांच्या ठेवलेल्या बाटल्या मांडल्या होत्या. एतेल्विनाच्या पावतीवर दोन नग होते, टेबलावर एकच होती. कोरी होती ती. तिच्या अक्षरातली पट्टी लावलेली बाटली कुणीतरी आपली समजून उचलली होती, किंवा सरळ चोरली होती. टेबलामागचा माणूस म्हणाला, "तक्रारीचा फॉर्म आहे, बाई." आणि उरलेल्या बाटलीकडे बघताच एतेल्विनाचा चेहरा उतरला. बूच अर्धं बोट वर आलं होतं, बाटलीच्या मानेवर चिकट ओघळ वाळला होता.

"उकळलीय," ती म्हणाली. "आठ दिवस उन्हात नाहीतर इंजिनाशेजारी ठेवली यांनी."

"चाखून तरी बघ."

बाहेर येऊन बंदराच्या भिंतीशी ते बसले. विल्मारनं चाकूनं बूच काढलं, पिशवीतल्या थर्मासच्या झाकणात वाइन ओतली, घोट घेतला आणि म्हणाला, "चांगली आहे."

"लबाड." तिनं झाकण घेतलं, घोट तोंडात फिरवला आणि थुंकला. करपलेल्या जामसारखी लागत होती. वर्षभर जिला झाडाच्या सावलीत, ओल्या गोणपाटाखाली सांभाळलं, ती वाइन. तिनं बाटली उलटी धरली आणि सगळी रस्त्याकडेच्या गटारात ओतली. शेवटच्या थेंबापर्यंत धरून उभी राहिली. विल्मार यावेळी लोक बघताहेत असं म्हणाला नाही.

घरी आल्यावर तिनं फॉर्म भरला, आणि त्याला जोडून चार पानं हातानं लिहिली. बूच उन्हात का वर येतं, वाइन आडवी का ठेवायची, लेबल म्हणजे वाइन नव्हे. दोन महिन्यांनी उत्तर आलं. पाकिटावर नाव होतं श्री. एतेल्विनो फालेरो. आत खेद होता आणि पुढच्या सहलीवर सवलत होती. चार पानांबद्दल अक्षर नव्हतं. तिनं पुन्हा लिहिलं. त्याला उत्तर आलं नाही.

आता रविवारी अंगणात मांस भाजायला माणसं जमली की ही गोष्ट विल्मार सांगतो. प्रत्येक वेळी ती वाढते. त्यात त्यानं थेट कॅप्टनला धरलेलं असतं, मुठी आवळलेल्या असतात, कॅप्टन मागं सरकलेला असतो.

"कॅप्टन नव्हता रे," एतेल्विना जाळाजवळून ओरडते. "चौकशीवरची बाई होती. आणि ती हसत होती."

"तुला काय माहीत? तू उशिरा आलीस," विल्मार म्हणतो, आणि पुढं सांगू लागतो.