मिल हँड

"हात धुतलेस का? प्रेताला शिवून आला असशील."

बातमीचा कागद मी टेबलावर ठेवला, तेव्हा मुख्य उपसंपादक हे म्हणाले. कागद त्यांनी हातात घेतला नाही. पेन्सिलीच्या टोकानं जवळ ओढला.

फोर्टातल्या एका इंग्रजी दैनिकात मी उमेदवारी करत होतो. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांवर त्या दिवशी दोन ठिकाणी गोळीबार झाला. गिरगावात एक विद्यार्थी मेला. लालबागला आमच्या चाळीतला महादेव.

परळच्या इस्पितळात मी त्याला पाहून आलो होतो. केसांत गिरणीचा कापूस तसाच. बाहेर त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती.

"पेपरात नाव लिवा, भावजी. पुरं लिवा. म्हाद्या नगं. महादेव लिवा."

मुकादमापासून वाण्यापर्यंत सगळे त्याला म्हाद्याच म्हणत.

उपसंपादकांनी विद्यार्थ्याचं नाव ठेवलं. कॉलेज ठेवलं. वडिलांचा हुद्दा ठेवला. महादेववर काट मारून वर लिहिलं, 'अ मिल हँड'.

हँड म्हणजे हात, हे मी रात्रशाळेत शिकलो. घड्याळाचा काटा हँड. पत्त्यांचा डाव हँड. मुलीला मागणी घालायची, तरी तिचा हँडच मागायचा. हँड म्हणजे कामगार, हे मात्र शाळेत आलं नाही. ते गिरणीच्या फाटकावर वाचलं. 'नो हँड्स वाँटेड'. खाली माणसांची गर्दी.

महादेव जन्मभर सूतखात्यात राहिला. विणकामात पगार जास्त, पण तिथं मागाचा धोटा भरताना धागा त्याच्या भोकातून तोंडानं ओढावा लागे. आम्ही महार. आमचं तोंड लागलेला धोटा इतरांना चालत नसे. हात चालत. गिरणीला हवे तेवढेच चालत.

मी म्हणालो, "विद्यार्थ्याचं नाव आहे."

"त्याच्या घरचे आपले वाचक आहेत. याचं कोण वाचणार? घे, टाइप करून आण."

"नाव काढून टाइप करणार नाही."

ते पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"मग उद्यापासून येऊ नकोस. तुम्हा लोकांना आत घेतलं, तिथंच चुकलं."

मी उठलो. मला राग आला नव्हता. किळस आली होती. त्या स्वच्छ नखांची, त्या पेन्सिलीची.

सकाळी महादेवच्या बायकोनं तो अंक मागवून घेतला होता. माझ्यापुढं धरला.

"महादेव कुठं हाय?"

मी तिला खोटं सांगितलं नाही. "लिहिला होता. त्यांनी खोडला."

तिनं अंक चुलीत घातला.

नंतर मी बऱ्याच पेपरांत कामं केली. मेलेल्याचं नाव मी पहिल्या ओळीत लिहितो. पूर्ण लिहितो. कुणी काढायला सांगितलं, की उठतो.