हरकत क्रमांक सतरा

नाव : रंगनाथ शरच्चंद्र पिंपळखरे. वय : सदुसष्ट पूर्ण. हुद्दा : खडकीच्या कारखान्यातून निवृत्त वरिष्ठ तपासनीस. मुक्काम : कोथरूड, तिसरा मजला, लिफ्ट असूनही जिन्याने. ओळखीची खूण : खिशात लाल आणि हिरवं अशी दोन पेनं, पैकी हिरवं वापराअभावी सुकलेलं. आजवर नजरेतून सुटलेले दोष : निरंक.

हा तपशील खुद्द रंगनाथरावांनीच सोसायटीच्या गणेशोत्सव समितीला लेखी सादर केला होता. समितीने त्यांना नाटकाचे ‘संहिता तपासनीस’ नेमलं होतं. हेतू एवढाच, की त्यांनी मांडवाचे खांब मोजायला येऊ नये.

नाटक लिहिलं होतं चौथ्या मजल्यावरच्या श्रद्धाने. ही मुलगी हिंजवडीत नोकरी करायची आणि उरलेला वेळ कोरियात राहायची. सोळा भागांच्या एका कोरियन ऐतिहासिक मालिकेचं तिने दोन तासांचं मराठी नाटक केलं होतं. राजपुत्राच्या डोक्यावर पगडी आली, नाव विश्वजीत झालं. गोष्ट मात्र तीच. वैद्याच्या हुशार मुलीला राजधानीच्या रुग्णालयातून बोलावणं येतं. ती गेली तर दुरावेल म्हणून राजपुत्र ते पत्र लपवतो. पुढे ते तिला सापडतं. शेवटी दोघांचं लग्न होतं.

ताडून पाहायचं म्हणून रंगनाथरावांनी सोळाच्या सोळा भाग पाहिले. शेजारी त्यांच्या पत्नी मुक्ताबाई नाटकाच्या पगड्यांना जरीची किनार लावत बसायच्या. नवव्या भागात पत्र सापडलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला होता. ही नोंद रंगनाथरावांनी घेतली नाही, कारण ती संहितेत नव्हती.

पार्किंगमधल्या तालमीत त्यांनी यादी वाचली. राजपुत्राची जखम पहिल्या अंकात डाव्या दंडाला, दुसऱ्यात उजव्या. रात्रभर बर्फाचा घाट तुडवून आला तरी जोडे कोरडे. अशा सोळा हरकती झाल्यावर त्यांनी घसा साफ केला.

“हरकत क्रमांक सतरा. पत्र सापडलं. पुढच्याच अंकात बाई बोहल्यावर. मधे त्या पत्राचं काय झालं?”

“काका, ती माफ करते त्याला. रोमान्स आहे तो.”

“माफ करायला आधी विचारावं लागतं. हिने विचारलंच नाही! ज्याने वाट अडवली त्याच्याशीच संसार?”

“मलापण थोडं ऑकवर्ड वाटलेलं,” श्रद्धा म्हणाली. “पण तो हीरो इतका क्यूट आहे ना, की नंतर लक्षातच राहत नाही.”

“क्यूट हे कारण तपासणीत चालत नाही. कुठली बाई गप्प राहील?”

कोपऱ्यात पगड्या घेऊन बसलेल्या मुक्ताबाईंनी दाताने दोरा तोडला. “राहते,” त्या म्हणाल्या.

“काय राहते?”

“गप्प. आणि पत्र परत ठेवलं असेल, होतं तिथं. उगाच त्या पोरीला छळू नका.”

त्या दिवशी रंगनाथराव लिफ्टने वर गेले.

एक्क्याण्णव साली कसब्यातल्या एका मुलींच्या शाळेतून मुक्ताबाईंना शिक्षिकेच्या नेमणुकीचं पत्र आलं होतं. मुलगा शंभू तेव्हा दोन वर्षांचा, घरात दुसरं कोणी नाही, आणि रंगनाथरावांची पाळीची नोकरी. त्यांनी विचार केला आणि हजर होण्याची तारीख उलटेपर्यंत पत्र दाबून ठेवलं. “आलं का हो काही?” असं मुक्ताबाई महिनाभर विचारत होत्या. “नाही,” असं ते महिनाभर सांगत होते. दुसऱ्या कुणी ते पत्र फाडलं असतं. पण आलेला कागद नष्ट करणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. त्यांनी ते ‘प्रलंबित’ असं लिहिलेल्या फायलीत रीतसर लावलं आणि विसरले.

फाईल कपाटावरच होती. पत्रही होतं. फक्त ते आता पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात होतं, आणि कोपऱ्यात कसर लागू नये म्हणून लवंगा होत्या. पाकीट त्यांनी घातलेलं नव्हतं. लवंगा तर नव्हत्याच.

मुक्ताबाई वर आल्या तेव्हा ते फाईल मांडीवर घेऊन बसले होते.

“कधी सापडलं?”

“शंभू पाचवीत होता. दिवाळीची झाडझूड.”

“मग विचारलं का नाहीस?”

“विचारलं असतं तर तुम्ही कारण सांगितलं असतं. तुमची कारणं नेहमी बरोबर असतात.” त्यांनी पगड्या पलंगावर ओळीने मांडल्या. “मला तेव्हा बरोबर कारण ऐकायचं नव्हतं. पुढे मग राहूनच गेलं.”

“चुकलंच माझं,” रंगनाथराव म्हणाले. हे वाक्य त्यांनी पूर्वी कधी वापरलं नसल्यामुळे ते जरा मोठ्याने आलं.

“हं. चहा टाकू का?”

चहा येईपर्यंत त्यांनी श्रद्धाला मेसेज केला : ‘हरकत क्रमांक सतरा मागे घेण्यात येत आहे. बाई असं करू शकते.’ मग स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

“अजूनही तुला शिकवायचं असेल, तर मी त्या शाळेत चौकशी करतो. अर्ज लिहून देतो.”

“करा की,” मुक्ताबाई चहा गाळत म्हणाल्या.

शाळेतले शिक्षक अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतात. मुक्ताबाई बासष्ट वर्षांच्या आहेत.